दूरचित्रवाणीचा विनोद आणि झाडीतला प्रेक्षक

दूरचित्रवाणीवरील जुन्या विनोदी मालिकांचा विषय निघाला, म्हणजे महाराष्ट्रातील रसिक मंडळी बहुधा एकाच नावापासून आरंभ करितात. ते नाव म्हणजे चिमणराव. चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करीत. त्यांच्या लेखणीतून चिमणराव व गुंड्याभाऊ ही जोडी प्रथम पुस्तकांत अवतरली. पुढे १९४० साली मास्टर विनायक यांनी ‘लग्न पहावे करून’ ह्या बोलपटातून ती पडद्यावर आणिली. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, म्हणजे १९७७ ते १९७९ च्या सुमारास, मुंबई दूरदर्शनने तिला घराघरांत नेले. चिमणराव झाले होते दिलीप प्रभावळकर, आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. मुंबई-पुण्याकडील वयस्क माणसे ह्या मालिकेच्या गोष्टी आजही इतक्या आवडीने सांगतात, की ऐकणाऱ्यास वाटावे, त्या काळी अवघा महाराष्ट्रच संचापुढे बसून हसत होता.

वस्तुस्थिती तशी नव्हती. गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी येथे एखाद्या साठी-सत्तरीच्या गृहस्थास चिमणरावांची मालिका आठवते काय, असे विचारून पाहावे. पुस्तकातले चिमणराव पुष्कळांना ठाऊक असतात. मालिकेतले चिमणराव मात्र त्यांनी पाहिलेले नसतात. ह्यात त्यांच्या रसिकतेचा दोष नाही. दोष असेल तर तो अंतराचा.

सडक अर्जुनी हे गाव नावाप्रमाणेच सडकेवरचे आहे. गोंदियाहून चांद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील अर्जुनी ती अर्जुनी मोरगाव, आणि नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील ही सडक अर्जुनी. हा मुलूख तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजी. मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि त्याचे कार्यक्रम पुढे पुण्याकडेही दिसू लागले. परंतु दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत धावतात. पृथ्वीच्या गोलाईपलीकडे त्या वळत नाहीत, आणि डोंगर आडवा आला तर थबकतात. मनोरा कितीही उंच बांधला, तरी त्याची हद्द काही थोड्या कोसांपुरतीच. सडक अर्जुनी मुंबईपासून नऊशे किलोमीटरांहून अधिक दूर! तेथे तो मराठी विनोद पोहोचावा कसा?

ह्याउलट एक गंमत अशी, की ह्याच सडकेने पूर्वेस रायपूरकडे गेले असता काही खेड्यांत दूरचित्रवाणी त्याआधीच येऊन गेली होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या एक वर्षात अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साह्याने भारतात एक मोठा प्रयोग झाला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान ह्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले. छपरावर कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीची मोठी तबकडी असे, आणि तिच्याद्वारे शेती, आरोग्य व शिक्षण ह्यांचे कार्यक्रम थेट आकाशातून उतरत. तेव्हा मध्य प्रदेशात असलेला रायपूर जिल्हा ह्या प्रयोगात होता. महाराष्ट्र मात्र त्या सहांत नव्हता. म्हणजे पश्चिमेकडून मुंबईचा मनोरा पुरत नव्हता, आणि पूर्वेकडचा उपग्रह राज्याच्या सीमेपाशी थांबत होता. ह्या दोहोंच्या मध्ये झाडीचा मुलूख अंधारातच राहिला.

अंधारात म्हणावयाचे ते केवळ काचेच्या पडद्यापुरते. हास्यरसाला येथे कधीच तोटा नव्हता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीस स्वतःची रंगभूमी आहे. दंडार व खडी गंमत हे तिचे जुने प्रकार. दिवाळी आटोपली, धान कापणीस आले, की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्री मंडपात नाटक उभे राहते. दहानंतर सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे ह्या नाटकमंडळ्यांचे प्रमुख ठिकाण. ह्या रंगभूमीचे एक ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातील कित्येकांना अशी काही रंगभूमी आहे, ह्याचा प्रथमच पत्ता लागला असेल. ह्या नाटकांतला विनोदी नट प्रेक्षकांच्या बोलीत बोलतो. ह्या झाडीबोलीत ‘ण’ नाही, त्याच्या जागी ‘न’ येतो. पुस्तकातले चिमणराव येथे पोहोचले, ते चिमनराव होऊनच पोहोचले.

शिवाय नभोवाणी होतीच. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. नभोवाणीच्या मध्यम लहरी दूरचित्रवाणीच्या लहरींप्रमाणे क्षितिजापाशी अडत नाहीत. त्या जमिनीचा आधार घेत लांबवर जातात. त्यामुळे चित्र येण्यापूर्वी तीन दशकांहून अधिक काळ झाडीचा श्रोता आवाजावरूनच पात्रे ओळखीत आला होता.

दूरचित्रवाणी येथवर येण्याचा मार्ग मोकळा झाला तो उपग्रहाने. १९८२ च्या १५ ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर दिसू लागला. त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत चित्रही आले. १९८३ च्या ऑगस्टमध्ये ‘इन्सॅट-१ ब’ हा उपग्रह आकाशात गेला, आणि १९८४ साली देशभर लहान शक्तीचे प्रक्षेपक उभारण्याचा धडाका लागला. अशा प्रक्षेपकाची मजल पंचवीसेक किलोमीटरांची. त्यापलीकडच्या खेड्यांनी त्यावर आपापला उपाय शोधिला. झाडीत बांबूस काय तोटा? दोन-तीन बांबू एकास एक जोडावयाचे, टोकास अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा बांधावयाचा, आणि एकाने छपरावर चढून तो फिरवावयाचा. दुसरा आतून ओरडत राही: ‘मुंग्या दिसतात... अजून थोडा... आता आला... पुन्हा गेला!’ चित्र स्थिर होई तेव्हा ओसरी भरलेली असे. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी आळी, असा तो काळ. अशा ठिकाणी कोणतीही मालिका हा एका कुटुंबाचा खेळ राहत नसे. मंडईतल्या नाटकासारखे तेही सामुदायिक पाहणे होई.

आता ह्या ओसरीवर आले कोणते कार्यक्रम? ते आले दिल्लीहून, आणि हिंदीत. ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगू लागले. त्याच वर्षी ‘ये जो है जिंदगी’ आली. शफी इनामदार व स्वरूप संपत हे त्यातले पतिपत्नी, राकेश बेदी हा मेहुणा, आणि सतीश शहा हे तर प्रत्येक भागात निराळे सोंग घेऊन येत. लिहिणारे होते हिंदीतले विनोदकार शरद जोशी. ज्या प्रेक्षकाने बहुरूप्याची व दंडारीतली सोंगे लहानपणापासून पाहिलेली, त्याला सतीश शहांची मौज कोणी समजावून सांगावी लागली नसेल. १९८६ साली ‘नुक्कड’ आली. रस्त्याच्या कोपऱ्यावर राहणारी, हातावर पोट असणारी माणसे हेच तिचे नायक. सडकेवर वसलेल्या गावाला ती आपलीशी वाटावी, ह्यात नवल ते काय?

१९८८ सालच्या ‘वागले की दुनिया’ची गोष्ट थोडी निराळी आहे. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला हा कारकून. मालिका हिंदी, पण आडनाव वागले, आणि सौ. वागले झालेल्या भारती आचरेकर ह्या गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या. श्रीयुत वागले झालेले अंजन श्रीवास्तव मात्र हिंदी भाषिक. बसगाडी, कचेरी, महिनाअखेर आणि शेजारी ह्यांत अडकलेला हा सज्जन मनुष्य म्हणजे चिमणरावांचाच दूरचा आप्त म्हणावयास हरकत नाही. झाडीच्या प्रेक्षकाला चिमणरावांची मालिका पाहावयास मिळाली नाही. परंतु मराठी मध्यमवर्गाचा संसार त्याने हिंदीतून पाहिला.

ह्याच मालिकेच्या अनुषंगाने एक दुवा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भा. रा. भागवतांनी (१९१०–२००१) मराठी मुलांना फुरसुंगीचा बनेश फेणे, अर्थात ‘फास्टर फेणे’, हा साहसी नायक दिला. १९८७ साली त्याची मराठी मालिका निघाली, आणि फेणे झाला सुमीत राघवन हा मुलगा. ह्याच मुलाने बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त बाळ सुदाम्याची भूमिका केली. पुढे २०२१ साली ‘वागले की दुनिया’ नव्या पिढीसाठी पुन्हा सुरू झाली. तेव्हा अंजन श्रीवास्तव व भारती आचरेकर पुन्हा वागले पतिपत्नी झाले. आणि त्यांचा कर्ता मुलगा झाला तो हाच सुमीत राघवन. फुरसुंगीचा धाडसी पोर चौतीस वर्षांनी वागल्यांच्या घरी नोकरदार गृहस्थ होऊन बसला! अशा गोष्टींना कोणी क्षुल्लक माहिती म्हणतील. पण एका नटाच्या आयुष्यातून दूरचित्रवाणीचा सारा काळ कसा ओवला जातो, हे अशाच क्षुल्लक माहितीवरून कळते.

साहसाच्या मालिकांकडे वळले, तर तेथेही असाच अनुभव येतो. १९८५ साली ‘करमचंद’ आला. गाजर चघळीत गुन्हे उलगडणारा पंकज कपूर यांचा हा गुप्तहेर, आणि त्याची भोळी साहाय्यक किटी. त्याच वर्षी रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ आली. वेताळपंचविशीच्या गोष्टी मराठी माणसास नव्या नव्हत्या. वेताळ तर आपल्याकडे गावोगावचा दैवत. ह्या मालिकेत विक्रम झाले होते अरुण गोविल. पुढे २५ जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’ सुरू झाले, तेव्हा तेच राम झाले. दीपिका चिखलिया व दारासिंग हेही दोन्हीकडे होते. आज आठवणी सांगताना पुष्कळजण हा क्रम उलटा सांगतात. रामाची कीर्ती मोठी म्हणून राम आधी आणि विक्रम मागाहून, असे मनुष्याचे मन आपोआप ठरवून टाकते. वास्तविक, प्रेताचे ओझे खांद्यावर वाहून झाल्यावर मग त्यांना वनवास घडला!

झाडीच्या दृष्टीने सर्वांत जवळची साहसकथा मात्र जपानहून आली. ‘जंगल बुक’ ही जपानी चित्रमालिका १९८९–९० साली तिकडे दाखविली गेली. तिचे भाग ५२. दूरदर्शनवर १९९३ साली ती हिंदी रूपात आली. तिचे गीत लिहिले गुलजार यांनी, संगीत दिले विशाल भारद्वाज यांनी, आणि शेरखानाला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. देशभर मुलांना मोगली आवडला. परंतु तो नेमका कोणत्या वनात राहत होता, हे किती जणांनी पाहिले? रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईस जन्मला. त्याने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या मूळ पुस्तकात लांडग्यांचे कुळ राहते ते शिवनीच्या टेकड्यांत, आणि तेथील नदी आहे वैनगंगा. रानकुत्र्यांच्या टोळीशी मोगली जी झुंज खेळतो, ती ह्याच नदीच्या कड्यांपाशी. कड्यांवरील आग्या मोहोळांच्या साह्याने तो ती जिंकतो.

ती वैनगंगा शिवनीहून निघते, बालाघाटातून येऊन गोंदिया व भंडारा जिल्ह्यांतून वाहते. सडक अर्जुनीजवळून जाणारी चूलबंद हिलाच जाऊन मिळते. नागझिरा व नवेगाव ही राने येथून जवळ. २०१३ साली ती मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ, बिबट, अस्वल आणि रानकुत्री ही येथील मुलांना चित्रातून ओळखावी लागत नाहीत. म्हणजे मोगलीची कथा इंग्रजीतून जपानीत, जपानीतून हिंदीत, अशी पृथ्वीप्रदक्षिणा करून जिथली होती त्याच नदीकाठी परत आली. ओसरीवर बसलेल्या पोरांना कोणी सांगते, की बाळांनो, ही तुमचीच नदी, तर त्या मालिकेस किती निराळा रंग चढला असता!

इतके झाल्यावर कोणी म्हणेल, की जुन्या करमणुकीच्या ह्या गोष्टी उगाळून काय लाभ? लाभ असा, की ह्यांपैकी पुष्कळ गोष्टींचा दुसरा पुरावा उरलेला नाही. त्या काळी चित्रमुद्रणाच्या फिती फार महाग असत. एक कार्यक्रम दाखवून झाला, की तीच फीत पुसून तिच्यावर दुसरा मुद्रित करावयाचा, ही जगभर रूढ असलेली रीत होती. भारतही तिला अपवाद नव्हता. नाटकाचा प्रयोग रात्री संपतो, तद्वत दूरचित्रवाणीचा खेळही संपला, असेच तेव्हा सर्वांना वाटे.

ह्या बाबतीत परदेशातील दोन उदाहरणे बोधप्रद आहेत. अमेरिकेतील ‘आय लव्ह ल्यूसी’ ही विनोदी मालिका १९५१ साली सुरू झाली. त्या वेळी बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून प्रत्यक्ष प्रक्षेपित होत. नायिका ल्यूसिल बॉल व तिचा पती देसी आर्नाझ यांना हॉलिवूड सोडावयाचे नव्हते; म्हणून त्यांनी ही मालिका बोलपटासारखी फिल्मवर, एकाच वेळी तीन कॅमेरे लावून, प्रेक्षकांसमोर चित्रित केली. राहते घर न सोडण्याच्या हट्टातून तो सारा विनोद आजवर टिकला. ह्याउलट ब्रिटनमधील ‘डॉक्टर हू’ ही साहसमालिका १९६३ साली निघाली, आणि तिच्या आरंभीच्या वर्षांतील नव्वदहून अधिक भाग पुसले गेल्यामुळे आज मिळत नाहीत. तथापि त्या प्रत्येक भागाचा आवाज शाबूत आहे. तो जपला कोणी? संस्थेने नव्हे. घरी बसलेल्या हौशी पोरांनी ध्वनिमुद्रणाचे यंत्र संचाजवळ ठेवून तो टिपून घेतला होता. ज्या कामाची मोठ्या कचेरीस किंमत वाटली नाही, ते सामान्य प्रेक्षकाने केले.

झाडीतील प्रेक्षकापाशी तेव्हा ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते. त्याच्यापाशी आहे ती आठवण. आणि ती आठवण मुंबईच्या आठवणीची नक्कल नाही. मराठी दूरचित्रवाणीचा इतिहास सांगावयाचा, म्हणजे चिमणराव, ‘गजरा’ आणि मुंबईची केंद्रे इतकेच सांगून चालणार नाही. त्याच वर्षांत राज्याचा दुसरा निम्मा भाग काय पाहत होता, कोणत्या भाषेत हसत होता, की काहीच पाहत नव्हता, हेही त्यात यावयास हवे. १९९४ साली दूरदर्शनची मराठी उपग्रहवाहिनी निघाली, तोवर चिमणरावांच्या मालिकेस पंधरा वर्षे होऊन गेली होती. त्यामुळे मुंबईकरांच्या मनात जे प्रभावळकर चिमणराव आहेत, ते येथील पुष्कळांच्या मनात १९९३ सालच्या ‘झपाटलेला’ चित्रपटातले तात्या विंचू, किंवा २००१ पासूनच्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले आबा आहेत. दोन्ही आठवणी खऱ्या. परंतु ग्रंथात बहुधा पहिलीच उतरते.

दुसरीही उतरावी, ह्यासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ह्याच मुलखातील बोली, गाणी व दंडारी ह्यांचा अभ्यास ग्रंथांतून मांडिला. ह्या कामाची सुरुवात त्याहून पुष्कळ लहान असली तरी चालेल. गावात पहिला संच कोणत्या साली व कोणाकडे आला. तो विकत घेताना टपाल कचेरीतून परवाना काढावा लागला होता काय. बांबू किती हात उंच होता. कोणत्या मालिकेस आळी जमे आणि कोणत्या वेळी उठून जाई. हिंदी न समजणाऱ्या आजीला गोष्ट कोण उलगडून सांगे. आणि त्या वर्षी मंडईतल्या नाटकाची गर्दी कमी झाली, की होती तशीच राहिली. इतके प्रश्न एका वहीत लिहून शाळेतील मुलांनी आपल्या घरच्या वडीलमाणसांकडे जावे. सांगणाऱ्याने जे साल सांगितले, ते मालिकेच्या ठाऊक असलेल्या सालाशी ताडून पाहावे. चूक निघाली तर खोडून न टाकता शेजारी खरे साल लिहावे, कारण मनुष्य काय विसरला, हेही जाणण्याजोगे असते.

ह्या कामास फार अवधी मात्र नाही. १९८५ साली छपरावर चढून बांबू फिरविणारा वीस वर्षांचा तरुण आज साठीत आहे. आणि त्या ओसरीवर पुढच्या ओळीत बसलेल्या आजीला विचारावयाची वेळ तर केव्हाच निघून गेली आहे.